गॅरेजमधलं शिसं

इथले इंग्रज लोक निवृत्त झाले की गुलाब लावतात. माझ्या सासऱ्यांनी गॅरेजमध्ये शिसं वितळवायला घेतलं. या देशात घरी पिस्तूल ठेवायला जवळपास बंदीच आहे, पण बंदुकीची दारू आणि गोळी वेगवेगळी, पुढून भरायची अशी जुन्या पद्धतीची रिव्हॉल्व्हरं पोलिसांच्या परवान्यावर ठेवता येतात. तसलं एक, लहान गोळीचं, त्यांच्याकडे होतं. रविवारी ते क्लबात जाऊन नेम धरत आणि शनिवारी त्यासाठी गोळ्या ओतत. गोळ्या विकत मिळतात की, असं मी एकदा म्हणाले, तर मी विकतच्या पुरणपोळ्या आणू का विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

विजेच्या भांड्यात वितळलेलं शिसं पळीने साच्यात ओतायचं, जरा थांबायचं, साचा उघडून गोळी जुन्या टॉवेलवर सोडायची. भिजल्या हरभऱ्याएवढी, चकचकीत गोळी. तिच्यावर एवढीशी सुरकुती दिसली तरी ती परत भांड्यात जायची. वॉटफर्डच्या कारखान्यात साचे बनवण्यात जन्म गेलेला माणूस. निम्म्या गोळ्या परत टाकताना त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे.

शिसं विषारी, म्हणून सासूबाईंनी त्याचं कडक सोवळं करून ठेवलं होतं. जानेवारीतही गॅरेजचं दार सताड उघडं पाहिजे. तिथे पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. काम संपलं की मागच्या दाराने यायचं, शर्ट वेगळ्या बादलीत, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग चहा. मी हसायचे, घरात देवाचं सोवळं नाही आणि शिशाचं आहे! सासरे कुरकुरत, पण एकही नियम मोडत नसत.

वसंतात सासूबाई गेल्या. दुखणं कळलं आणि बघता बघता सगळं संपलं. मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात सासरे, नवरा आणि मी उरलो. सासरे रडले नाहीत, जेवायला वेळेवर येत, ताट स्वतः धुवून ठेवत. लोक म्हणाले, किती सावरलेत. मलाही बरं वाटलं.

उन्हाळ्यात एका शनिवारी ते पुन्हा गॅरेजमध्ये गेले. मी कपडे वाळत घालायला बाहेर आले तर गॅरेजचं मोठं दार बंद. बाजूच्या दाराने आत डोकावले. भांड्याशेजारी चहाचा कप होता आणि करड्या झालेल्या बोटांनी ते बिस्किट खात होते. टॉवेलवर सगळ्या गोळ्या तशाच पडलेल्या, सुरकुतलेल्यासुद्धा.

"बाबा, अहो हात! आणि दार का लावलंय?"

"असू दे गं. आता काय फरक पडतो?"

आवाज शांत होता. माझी नजर मात्र भिंतीकडे गेली. भिंतीला ठोकलेल्या पोलादी कपाटात ते रिव्हॉल्व्हर होतं आणि कायद्याप्रमाणे किल्ली फक्त त्यांच्याकडे.

नवऱ्याला सांगितलं. तो इथेच जन्मलेला, वडिलांशी इंग्रजीतच बोलणारा. "ही इज ग्रीव्हिंग, यार. त्याचा एकच तर हॉबी आहे, तो पण काढून घेऊ? लीव्ह हिम बी." मला त्याचा राग आला, पण त्याचे डोळे पाहिले आणि कळलं की तोही घाबरलाय, फक्त त्याला ते ऐकायचं नाहीये.

मग मी पहारा सुरू केला. गॅरेजमध्ये साच्याचा टकटक आवाज चालू असला की माझा जीव भांड्यात पडायचा. आवाज थांबला की काहीतरी निमित्त काढून मी तिकडे धावायचे. बाबा, लसूण सोलून देता? बाबा, ही बरणी उघडत नाही. त्या महिन्यात आमच्याकडे इतका लसूण सोलला गेला की तो मी शेजाऱ्यांना वाटला. पण लसणावर माणूस किती दिवस राखणार? आणि सुनेने सासऱ्याला असं कसं विचारायचं? माहेरी मी वडिलांशीही कधी अशा गोष्टी बोलले नव्हते.

शेवटी एका शनिवारी बरणी न घेता गेले. ते ओतत होते. मी मोठं दार उघडलं, भांड्याचं बटण बंद केलं आणि समोरच्या स्टुलावर बसले.

"बाबा, तुमच्या मनात जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं येतं का?"

त्यांनी पळी खाली ठेवली. आता हे रागावतील, मला घालवून देतील, असं वाटलं.

"येतं," ते म्हणाले. "रोज नाही. पण येतं."

मला रडू फुटलं. त्यांनी हात पुढे केला, शिसं लागलंय हे लक्षात आलं तसा मागे घेतला. मीच तो धरला.

क्लबच्या सेक्रेटरीला फोन त्यांनीच केला. रिव्हॉल्व्हर क्लबच्या तिजोरीत ठेवायची सोय होती. रिव्हॉल्व्हरची पेटी गाडीत त्यांनी ठेवली, चालवायला मी बसले. सेक्रेटरीने कारण विचारलं नाही. पेटी घेतली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सोमवारी डॉक्टरकडे जा म्हणाला. ते हो म्हणाले.

परत येताना एका चौकातल्या राउंडअबाउटला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "पोराने विचारलं असतं ना, तर मी नाहीच म्हणालो असतो. खरं ऐकून तो खचला असता."

"त्याला मी सांगू?"

"नको. माझं मी सांगतो."

घरी नवरा जेवण गरम करत होता. सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आधी मराठीत सांगितलं. मग, एकही शब्द निसटायला नको म्हणून, सावकाश इंग्रजीत. नवऱ्याने गॅस बंद केला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"बाबा," तो म्हणाला, "मला का नाही सांगितलं?"

"सांगतोय ना आता," सासरे म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.