आक्काबाई आणि प्रसूतिगृहाच्या चादरी

बजाजनगरच्या आमच्या गल्लीत बायका आक्काबाईंविषयी म्हणत, "ही दवाखान्यात कामाला जात नाय, सोयरिकी जोडायला जाते." त्यात तथ्य होते. ऑक्सिजनची नळकांडी पोहोचवणाऱ्या टेम्पोवाल्याच्या आईला कोणत्या डोळ्याने दिसत नाही, हे त्यांना ठाऊक असे. उस्मानपुऱ्यातल्या औषधविक्रेत्याकडे बारसे असले, की झबले-टोपडे घेऊन त्या हजर.

आक्काबाई मेंढपाळांच्या घरातल्या. डॉ. ज्ञानेश्वरी यांच्या प्रसूतिगृहात त्या आया म्हणून लागल्या. वाळूजचे कारखाने वाढले, पत्र्याच्या खोल्यांच्या जागी इमारती आल्या, प्रसूतिगृहाच्या खाटा वाढल्या. तसे सामान मागवणे आणि तपासून घेणे आक्काबाईंकडे आले. माल आणणाऱ्याला त्या दारात ताटकळत ठेवत नसत.

"आक्का, तुमच्या चहापायी पुढची गिऱ्हाइकं शिव्या देतात," टेम्पोवाला म्हणे.

"मग त्यांना बी चहा ठेवायला सांग."

प्रसूतिगृहाच्या चादरी धुण्याचे काम दौलताबादच्या सर्जेरावांकडे होते. घरची विहीर, किल्ल्याखालचे मोकळे ऊन. नवरा-बायको मिळून चादरी धूत आणि वाळवून, घड्या घालून पाठवत. वर्षानुवर्षे कधी तक्रार आली नव्हती.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात पहिली तक्रार आली. एका बाळंतिणीच्या पाठीला खाज सुटली. आक्काबाईंनी तिच्या खाटेवरची चादर बोटांत चुरगाळली. ती कडक लागली. कोपरा मगभर पाण्यात बुडवून पिळला, तर पाणी पांढरे झाले. चादरीत साबण तसाच राहिला होता. पाण्याची टंचाई असल्याने ते मगभर पाणीही त्यांनी फरशी पुसायला वापरले आणि मग डॉक्टरांना सांगितले.

डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, वाळूजला साहेबरावांनी मशीनची लॉन्ड्री काढलीय. त्यांनाच देऊ काम. सर्जेरावांना मी फोन करते."

"फोन नको, मॅडम. मी जाऊन येते."

खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. आक्काबाईंचे वडील असा तळ दुसऱ्याच्या रानात हलवण्यापूर्वी पहिल्या शेतकऱ्याकडे स्वतः जाऊन तसे सांगत. सकाळी त्याला नुसते रिकामे रान दिसावे, हे त्यांना पटत नसे. लेकीने ती रीत शहरातही सोडली नव्हती.

दौलताबादला सर्जेरावांच्या पत्नी दगडाबाई यांनी ताट वाढले. भाकरी आणि पिठले खाऊन आक्काबाई उठल्या आणि सरळ विहिरीकडे गेल्या. तळाचा गाळ वाळून भेगाळला होता.

"टँकरचं पाणी घेतो," सर्जेराव खाली मान घालून म्हणाले. "पुरत नाय. एकाच पाण्यात खळबळून काढतो."

"दादा, मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काम गेलं असतं."

"विहीर आटली त्यात तुमचा काय दोष? पण चादरी तशाच पाठवल्या, हे वाईट केलं. उद्यापासून पाठवत नाय मी."

दगडाबाईंनी हातातली परात आदळली. "आमच्या पोरीच्या लग्नात हळद लावायला म्होरं व्हतीस. आता आमच्याच पोटावर पाय देतीस?"

"विहिरीला पाणी लागलं की कळवा. तवर तुमची जागा कुणाला कायमची देत नाय," एवढेच बोलून आक्काबाई निघाल्या.

साहेबरावांनाही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, की काम सर्जेरावांच्या विहिरीला पाणी लागेपर्यंतचेच आहे.

"मावशी, असं सांगून कुणी काम देतं व्हय?" ते हसले.

"मागून सांगितलं तर तुम्ही भांडाल."

नवरात्राच्या सुमारास विहिरीला पाणी लागल्याचा सर्जेरावांचा निरोप आला. आता डॉक्टरच राजी होईनात. साहेबराव दारातून चादरी नेत, वेळेवर आणून देत. पुन्हा बदल कशाला? आक्काबाईंनी गोड बोलून पाहिले नाही. "मी शब्द देऊन आलेय, मॅडम. रोज एक चादर भिजवून बघीन. फेस दिसला, की मीच बंद करीन." डॉक्टर विचारात पडल्या. तोवर वरचा मजला बांधून झाला होता आणि चादरीही वाढल्या होत्या. शेवटी खालच्या मजल्याच्या चादरी दौलताबादला आणि वरच्या वाळूजला जाऊ लागल्या. आक्काबाई मात्र दोन्हीकडच्या भिजवून पाहत.

पुढे पुन्हा पाऊस लांबला, तेव्हा सर्जेरावांनी आपणहून फोन केला. "आक्का, विहीर खाली चालली. पुढच्या महिन्यापासून चादरी साहेबरावांना द्या." पाणी आले तेव्हाही फोन त्यांचाच आला. साहेबरावांनी कुरकूर केली नाही. एकदा त्यांचे यंत्र बिघडले, तेव्हा त्यांनीही आदल्याच दिवशी कळवले आणि गठ्ठे दौलताबादला गेले. खाटांवर चादरी कधी कमी पडल्या नाहीत.

सर्जेरावांची लेक बाळंतपणासाठी याच प्रसूतिगृहात आली. मुलगी झाली. पेढे वाटून झाल्यावर दगडाबाई खाटेशेजारी बसल्या. राग केव्हाच गेला होता, तरी एक गोष्ट मनात राहिली होती. चादरीच्या घडीवरून हात फिरवत त्यांनी विचारले, "आक्का, खरं सांग. त्या दिवशी आमच्या घरी जेवून उठलीस अन् आमचंच काम बंद केलंस. लाज नाय वाटली?"

आक्काबाई बाळाला दुपट्यात गुंडाळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "लाज कशाची? जेवले मी व्हते. चादरीवर दुसऱ्याची लेक निजली व्हती."