पाच लुगड्यांचं टेबल

ऋचा, इकडे ये. अशी जवळ बस, अन् तो फोन आधी पालथा घाल. तेरवीला आलीस आणि तिसऱ्या दिवशी पुण्याला निघूनही गेलीस. अकोल्याहून अमरावती ती केवढी! तेवढी वाट वाकडी करून राजापेठेतल्या मोठ्या आजीला भेटून जावं, असं तुला वाटलं नाही. बरं. फोन केला की “बोलते नंतर” म्हणतेस, आणि तुझं ते नंतर काही येत नाही. म्हणून मी हे पेपरच्या पुरवणीसाठी लिहायला बसले. छापून आलं की तुझे बाबा वाचतील, सगळं अकोलं वाचेल. वाचू दे. त्यांना ऐकवायचंच आहे मला.

विमल, म्हणजे माझी धाकटी जाऊ आणि तुझी आजी, गेली तेव्हा मी दुकानात ब्लाउजचं अस्तर पाहत होते. दुकानदाराच्या हातात कात्री होती आणि सुधाकरचा, तुझ्या बाबांचा, फोन आला. “मोठी आई, आई गेली.” एवढंच. मी अस्तर तसंच टाकून घरी आले. रडले ते दुसऱ्या दिवशी. आणि तिसऱ्या दिवशी जो राग आला तो आज महिना झाला तरी उतरलेला नाही. तिसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला आणि खाली छापलं होतं, ‘धर्मपरायण, शांत, मितभाषी’. मितभाषी! चाळीस वर्षं जुन्या शहरात टोपली मांडून शेवंती आणि झेंडू विकणारी बाई. तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडच्या गिऱ्हाइकाला जागच्या जागी थांबवायचा. आपल्याच माणसाला मेल्यावर असं पुसून टाकतात का रे, सुधाकर?

ती शांत बसायची, नाही असं नाही. पण कधी? दुपारी चारला. फुलं मान टाकायला लागली की बाकीच्या बाया भाव पाडत. विमल पदर सारखा करून अशी बसायची, जणू तिला काही घाईच नाही आणि फुलं आत्ताच तोडून आणलीत. तोंडावरची रेघ हलायची नाही. शेवटी गिऱ्हाईकच कंटाळून तिच्या भावाला यायचं. म्हणून तर, ऋचा, घरून काम करायला तू सहा महिने अकोल्याला राहिलीस आणि आम्हाला तो पोकर शिकवलास, तेव्हा तिला काही शिकवावंच लागलं नाही. दोन पत्ते आपल्यापुढे पालथे, पाच मधे उघडे, आणि हातात काही नसलं तरी असल्यासारखं तोंड ठेवायचं. मी तेव्हा महिनाभर तिथेच होते. पहिल्याच दुपारी तिने तुझे, माझे आणि शेजारच्या शोभाचे सगळे चिंचोके जिंकून घेतले. तू विचारलंस, आजी, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, “झेंडूच्या टोपल्यामांगं.”

पण तिची बोटं... हार ओवून ओवून सगळे सांधे आखडलेले. या खेळात पत्ता टेबलावरच ठेवून नुसता कोपरा उचलायचा आणि गुपचूप पाहायचं. साध्या लाकडावर तिला तो कोपरा नखात धरता येईना. बिचारी पत्ता काठापर्यंत ओढत आणायची, आणि तेवढ्यात तो शोभाला दिसून जायचा. एकदा लागोपाठ हरली तेव्हा म्हणाली, “डोकं हरलं असतं त चाललं असतं, जाऊबाई. माहे बोटं हरून राहिले.” त्या दिवशी तिने ठरवलं, टेबल करायचं. खाली मऊ पाहिजे, म्हणजे नख दाबलं की पत्ता आपसूक उचलला जाईल.

जुन्या दिवाणाची प्लायची फळी सुताराकडून आठकोनी कापून आणली. आता भरायचं काय? वऱ्हाडातल्या बाईला कापसाशिवाय काय सुचणार! गादीवाल्याकडून पिंजून आणला, वर चादर ताणली. असं गुबगुबीत दिसायला लागलं की शोभा म्हणाली, याच्यावर बाळंतीण निजवा. चार दिवसांत आमची कोपरं टेकत तिथे खड्डे पडले आणि मधे कापसाचा डोंगर उभा राहिला. पत्ते वाटले की घसरून आपापल्या मनाने भलत्याच्या पुढ्यात.

मग आम्ही दोघी फोम पाहायला गेलो. दुकानदाराने इंचभर जाडीचा दाखवला. विमलने अंगठा रोवला, तो आत गेला आणि खड्डा भरून यायला वेळ लागला. “हा बसाले हाये भाऊ, खेळाले नाई.” तो म्हणाला, काकू, नेमकं कशाला पाहिजे, देवाच्या चौरंगाला का? मी तिचा हात दाबला. तिने माझा हात झटकून सरळ सांगितलं, पत्त्यांच्या टेबलाला. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सुधाकरच्या कानावर गेली आणि तो दोन दिवस आईशी बोलला नाही.

आता मी विचारते, पोळ्याच्या दिवशी हाच सुधाकर चार मित्रांना घेऊन सतरंजीवर पत्ते कुटायला बसतो, तेव्हा ती सतरंजी कोणी लपवतं का? त्यांचा सण, आणि चार बायांनी भरदुपारी चिंचोके मांडले की घराची अब्रू! विमलने चाळीस वर्षं उन्हात बसून ते घर उभं केलं. दुपारचे दोन तास तिचे नव्हते?

तिने काही मनावर घेतलं नाही. चौकटची दुर्री बटव्यात टाकली आणि कापडाची दुकानं पालथी घातली. प्रत्येक ताग्यावर दुर्री सरकवून पाहायची. मखमलीवर पत्ता एकीकडून जायचा, उलटा आणला की अडायचा. साटीनवर सोडला तो थेट दुकानदाराच्या पायाशी. शेवटी कापड निघालं तिच्याच पेटीतून. लग्नात पॅन्टपीसचा आहेर करायचा, घेणाऱ्याने तो शिवायचा नाही, पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या अंगावर घालायचा, ही आपली रीत. असा किती घरं फिरून आलेला एक गर्द हिरवा पॅन्टपीस तिने उलगडला, आणि दुर्री त्यावरून अशी गेली जशी मूर्तिजापूरच्या नव्या रस्त्यावरून एस.टी.

आणि भरायला गोधडी. हे तिचंच डोकं. गोधडी दाबली की दबते, सोडली की वर येते, आणि टाका घातलेला असतो म्हणून आतलं काही हलत नाही. पाच सुती लुगडी घेतली. दोन आमच्या सासूबाईंची, दोन विमलची आणि एक माझं, जांभळं. टाका तांदळाएवढा, नाहीतर वर उठून दिसेल. आठ दुपारी आम्ही समोरासमोर बसून शिवत होतो. सासूबाईंनी आम्हाला उभ्या जन्मात दुपारी टेकू दिलं नव्हतं. त्यांचं लुगडं मधल्या थरात घालताना विमल म्हणाली, “बसा आता आमच्यासंगं. पत्ते नाई वाटत तुमाले, पण बसा.” मी हसता हसता सुई बोटात टोचून घेतली.

टेबल झालं. पहिल्या डावाचा पत्ता तिने एका नखाने उचलून पाहिला. तोंडावर काही दिसलं नाही, दिसणार कसं! पण टेबलाखाली तिचा पाय हलत होता, लहान पोरीसारखा.

तेरवीला मी आले, तर मागच्या पडवीत नुसती फळी उभी. कापड टराटरा ओढलेलं, बारीक खिळे तसेच वर आलेले. मी सुधाकरला विचारलं. तो म्हणाला, “आतून गोधडी निंघाली, मोठी आई. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाई. देऊन टाकली.”

“त्यात दोन लुगडे तुह्या आजीचे, एक माहं. मी कधी मेलो रे?”

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. मग त्याच्या तोंडून खरं बाहेर आलं, “पाहुणे येऊन राहिले होते. टेबल पाहून काय म्हणतील?” हे घ्या. रीत नव्हतीच ती, लाज होती, रीतीच्या पदराआड लपलेली. अंथरूण म्हणे! त्या गोधडीवर विमल एक क्षण निजली नाही. ती तिच्या जागेपणाची गोधडी होती.

तू दाराशी उभी होतीस, ऋचा. तुला पाचही लुगडी ठाऊक होती, दुपारच्या सुट्टीत तूच आम्हाला सुई ओवून देत होतीस. खाली मान घालून फोन पाहत राहिलीस. चार लोकांत मी तुला बोलले नाही, आता बोलते. आजीसाठी एक शब्द टाकायचा होता, बाई. तोंड उघडलं असतंस तर रडूच फुटलं असतं, हेही मला कळतं... कळतं म्हणूनच राग राहत नाही तुझ्यावर.

तिच्या कपड्यांचं गाठोडं बाहेर काढून ठेवलं होतं, द्यायला. मी सगळ्यांसमोर बसले आणि गाठ सोडली. झेंडूचे डाग पडलेलं, टोपलीशी बसताना ती नेसायची ते पिवळं लुगडं ओढून काढलं. बाया कुजबुजल्या. सुधाकर पुढे झाला, “ते घरात ठेवत नाई, मोठी आई.”

“घरात कोण ठेवते? टेबलात घालतो मी.”

फळीही मागून घेतली. एस.टी.त ती गुडघ्याशी धरून मूर्तिजापूरपर्यंत उभी आले, तिथे जागा झाली. आता ती माझ्या समोरच्या खोलीत आहे. नवी गोधडी परवाच पुरी झाली. विमलचं पिवळं मधे, वर-खाली माझी दोन-दोन. पॅन्टपीस माझ्या पेटीतला, मातकट रंगाचा. पत्ता सरकवून पाहिला, चांगला जातो. कापड ताणायचं तेवढं राहिलं आहे. ते एकटीचं काम नाही. एकीने इकडून धरायचं, दुसरीने बरोबर समोरून ओढायचं, मग खिळा, असे आठही कोपरे. काल मी एकटीने करून पाहिलं, मधे सुरकुती राहिली, उपसून टाकलं. शोभा अकोल्याहून यायला तयार आहे. तिला मी नको म्हटलं.

या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या शनिवारी ये. पण ये, लवकर ये. मला एकाच बाजूने ओढता येतं, पोरी.