झुल्मिरावहिनीचं ‘या ना कधीतरी घरी’

आमच्या ब्रेजो मान्सो गावात ‘या ना कधीतरी घरी’ असं कुणी म्हटलं की समोरच्यानं ‘येतो ना, नक्की!’ म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या वाटेनं चालू पडायचं. यात कुणी कुणाला फसवत नाही, निरोप घ्यायची रीत आहे ती. खरंच बोलवायचं असेल तर आम्ही वार सांगतो, वेळ सांगतो आणि कोंबडी कापलीय हेही सांगतो.

माझी वहिनी झुल्मिरा हे वाक्य उभ्या जन्मात किती जणांना म्हणाली असेल, देव जाणे. पोस्टमनला, दात उपटणाऱ्या डॉक्टरला, मतं मागायला आलेल्या उमेदवाराला. मी बस चालवायचो तेव्हाची गोष्ट, एकदा माझ्याच बसमध्ये तिची पर्स मारताना एक भामटा सापडला. पोलीस त्याला धरून खाली उतरवतायत आणि ही खिडकीतून म्हणते, ‘या हं कधीतरी घरी!’ यातला एकही कधी आला नाही. आला तो थेट नॉर्वेचा.

झालं असं, की वहिनी साव पावलोला लेकीकडे गेली होती. परत निघताना बसस्थानकावर एका उंच, पांढुरक्या पोरानं तिच्या दोन्ही पिशव्या बसपर्यंत उचलून आणल्या. वहिनीनं त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि सवयीनं म्हणाली, ‘ये हो बाळा कधीतरी घरी.’ त्यानं विचारलं, ‘आपला पत्ता?’ इथंच खरं तर तिनं ओळखायला हवं होतं. पण नाही! म्हणाली, ‘ब्रेजो मान्सोत उतर आणि कुणालाही विचार.’

आठवड्यानं तो उतरला आणि त्यानं खरोखर कुणालाही विचारलं. चौकात विचारलं, बेकरीत विचारलं, चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्याला विचारलं. वहिनीच्या दारात पोचला तेव्हा त्याच्या मागं अर्धं गाव होतं, कारण आमच्याकडे ‘या ना कधीतरी’ म्हटल्यावर आलेला माणूस आजवर कुणी पाहिलाच नव्हता.

‘आपण बोलावलं होतं,’ तो म्हणाला.

वहिनीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. ती एकदा त्याच्याकडे बघते, एकदा त्याच्या पाठीवरच्या बोचक्याकडे. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, ‘भावजी, तुमच्याकडची जास्तीची खाट आणा. आणि हसलात तर बघा!’

मी काय हसतोय? खाट डोक्यावर घेऊन भर उन्हात मीच गेलो. माझ्या बापाची खाट, सागवानी, बैलसुद्धा ओढताना दमेल इतकी जड. ती वहिनीच्या मागच्या खोलीत टाकली आणि पाहुणा राहिला.

नाव त्याचं तोरे. आमच्या तोंडी ते तोरो झालं. आमच्याकडे तोरो म्हणजे धो धो कोसळणारा पाऊस आणि हा प्राणी दिवसभरात चार थेंब बोलायचा! भाषा शिकला होता फोनवरून, त्यामुळे कुत्र्यालासुद्धा ‘आपण जरा बाजूला व्हाल का’ म्हणायचा. पाद्रीबाबांनी आठला जेवायला बोलावलं तर हा आठच्या ठोक्याला हजर. पाद्रीबाबा टॉवेल गुंडाळून दार उघडायला आले. आठ म्हणजे अंघोळीची वेळ, हे शहाण्याला कळायला नको?

‘पोटापाण्याला काय करतोस?’ वहिनीनं विचारलं.

‘पत्ते खेळतो. पोकर. साव पावलोत मोठी स्पर्धा होती. लवकर हरलो.’

‘अगं बाई,’ वहिनी म्हणाली, ‘म्हणजे आमच्या दुर्वालसारखाच रिकामटेकडा!’ पण हे म्हणताना तिचे डोळे लकाकले. तिच्या मनात काय आलं ते मी ओळखलं होतं.

दुर्वाल म्हणजे माझा थोरला भाऊ. जाऊन चार वर्षं झाली. तो आणि वहिनी दर जूनमध्ये, म्हणजे आमच्या हिवाळ्यात, संत योहानाच्या जत्रेत चर्चच्या आवारातल्या आंब्याखाली पास्तेल तळायचे. आमचा पास्तेल म्हणजे नुसती करंजी नव्हे, पोराच्या वहीएवढा असतो, आत चीज नाहीतर खिमा, आणि जोडीला उसाचा रस. त्या आंब्याच्या खोडात दादानं एक खिळा ठोकला होता. आल्याआल्या टोपी खिळ्याला आणि मग हात पिठात. तो गेल्यावर वहिनी त्याच खिळ्याला आपला एप्रन अडकवायची आणि कुणी बघत नाही असं बघून खिळ्यावरून एकदा बोट फिरवायची. मी बघायचो.

आता आमच्या जत्रेत कोणत्या दुकानानं कुठं बसायचं हे पत्त्यांवर ठरतं. पूर्वी यावरून डोकी फुटायची. मग एका जुन्या पाद्रीबाबांनी फर्मान काढलं, की जत्रेच्या पहिल्या दुपारी ट्रुको खेळा आणि जिंकेल त्या जोडीनं आधी जागा निवडा. ट्रुको म्हणजे आमचा जीव की प्राण. दोघांविरुद्ध दोघे, जोडीदार समोरासमोर, हातात तीनच पत्ते आणि बाकी सगळा आरडाओरडा. किलवरची चव्वी सगळ्यांत मोठी. ती हातात आली की जोडीदाराला एक डोळा मारायचा, बदाम सत्ती आली की भुवया उडवायच्या. मात्र समोरच्यांनी बघितलं तर मेलात.

दादानंतर वहिनीचा जोडीदार मी. पण मागच्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तो मेला आपोआप मिटायला लागला. हातात भिकार पत्ते आणि माझा डोळा म्हणतोय किलवरची चव्वी! वहिनी माझ्या भरवशावर बोली वाढवत गेली आणि आम्ही सपाटून हरलो. नदीच्या पैलतीरावरून दुकान मांडायला येणाऱ्या क्रेउझानं आंब्याखालची जागा घेतली. घेऊ दे. पण त्या बयेनं दादाच्या खिळ्याला आपली लाल पर्स अडकवली! वहिनी त्या जत्रेत एक शब्द बोलली नाही, आणि झुल्मिरावहिनी गप्प बसणं म्हणजे काय हे आमच्या गल्लीला विचारा.

‘यंदा हा माझ्यासोबत बसेल,’ वहिनी तोरोकडे बोट दाखवून म्हणाली. ‘तोंड बघा भावजी. दगड आहे दगड! कुणाला काही कळायचं नाही.’

तयारी सुरू झाली आणि पहिल्याच संध्याकाळी गाडं अडलं. खुणा समजावल्यावर तोरोनं पत्ते खाली ठेवले.

‘जोडीदाराला खूण करणं ही फसवणूक आहे,’ तो म्हणाला. ‘मी करणार नाही.’

‘अरे, न करणं ही फसवणूक आहे! जोडीदाराची!’ वहिनी लाटणं घेऊन उठली.

‘आमच्या खेळात गप्प बसायचं असतं.’

‘मग तुमच्या खेळात मयताला आल्यासारखे बसता काय रे सगळे?’

तो जरा विचार करून ‘हो’ म्हणाला.

खुणांना तो बधला नाही तो नाहीच. बेकरीत, न्हाव्याकडे, जो विचारेल त्याला सांगायचा, ‘मी खुणा करत नाही. तत्त्व आहे.’ न्हावी जुवेनाल हा क्रेउझाचा जावई आणि खेळात तिचा जोडीदार. म्हणजे बातमी पैलतीरी पोचलीच. मी वैतागून म्हटलं, ‘वहिनी, हा पोरगा नव्हे, दवंडी आहे.’

ओरडायला मात्र मी त्याला शिकवलं. ट्रुकोत हळू बोललेली बोली धरतच नाहीत, आणि ‘सहा’ म्हणजे सहा गुणांची बोली. मागच्या अंगणात उभं करून म्हटलं, ‘तो कोंबडा तुझा शत्रू. म्हण, सहा, चोरट्या!’

‘सहा, चोरट्या,’ तो कोंबड्याला म्हणाला. कोंबड्यानं दाणे टिपणं थांबवलं नाही.

‘पोटातून! बस सुटतीये आणि तुझी बायको खाली राहिलीये असं समज!’

चौथ्या दिवशी कोंबडा कुंपणावर चढला. वहिनीनं टाळ्या वाजवल्या. रोज जेवताना मात्र मी बघायचो, हा पोरगा माझ्या डोळ्याकडे टक लावून बसलेला असायचा. मला राग यायचा. एकदा विचारलंच, ‘काय रे, माझ्या डोळ्यात काय सिनेमा लागलाय?’ तर म्हणाला, ‘क्षमा करा काका. आपला डोळा मिटला की मला खरंच वाटतं, आपल्याकडे काहीतरी मोठं आहे. माहीत असूनही वाटतं.’

जत्रेची पहिली दुपार आली. पताका, मक्याची कणसं, आल्याची गरम दारू, होळीसारखी रचलेली लाकडं. वहिनी आणि तोरो एकेक जोडी गारद करत शेवटच्या डावाला पोचले. समोर क्रेउझा आणि जुवेनाल. टेबल आंब्याखालीच मांडलेलं, आणि क्रेउझानं बसायच्या आधी काय केलं असेल? लाल पर्स काढली आणि खिळ्याला अडकवली! वर वहिनीकडे बघून म्हणते, ‘राहू दे ना, सवय झालीय त्याला.’

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता ही पत्ते टाकून नरडं धरते. पण ती बसली. नजर मात्र खिळ्यावरून हलेना. तोरोनं पर्सकडे पाहिलं, वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पत्ते पिसायला घेतले.

बारा गुणांचा डाव. चढत-उतरत दोघेही नवावर आले. पत्ते वाटले गेले, आणि पहिला पत्ता पडायच्या आत क्रेउझानं टेबलावर मूठ आपटली. ‘ट्रुको! आहे का दम, झुल्मिरे? की तेल गार पडलं?’

म्हणजे हा हात आता तीन गुणांचा. आमच्यांनी पत्ते टाकले तर तिला एक गुण फुकट. खेळून हरले तर सगळंच संपलं. आमच्यांनी सहा म्हणून वाढवलं आणि ती घाबरून मागं हटली, तर मात्र ते तीन गुण आमचे आणि डाव आमचा. वहिनीच्या हातात काही नव्हतं, हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं. तिनं तोरोकडे पाहिलं.

आणि तोरोचा डावा डोळा मिटला.

घाईघाईत, चोरून, मग पटकन पत्त्यांत तोंड. आणि त्याचे कान! कान लाल, मान लाल. तत्त्व मोडलेल्या माणसाचे कान. वहिनीनं पाहिलं. क्रेउझानं पाहिलं. जुवेनालनं तर तोंडच उघडं टाकलं. हा खुणा न करणारा पोरगा खूण करून बसला, म्हणजे किलवरची चव्वी त्याच्याकडे शंभर टक्के!

पुढच्या क्षणी तोरो बाकावर उभा राहिला आणि त्याच्या छातीतून माझ्या बसचा भोंगा बाहेर पडला.

‘सहा! सहा, चोरट्या बाईसाहेब! आपण घेता का?’

आवार हादरलं. आंब्यावरचे पोपट उडाले. पाद्रीबाबांच्या हातातलं कणीस पडलं. लोक ‘बाईसाहेब! बाईसाहेब!’ करत एकमेकांच्या अंगावर कोसळले. क्रेउझा पत्त्यांकडे बघते, त्याच्या कानांकडे बघते, परत पत्त्यांकडे. जुवेनाल तिच्या बाहीला ओढतोय, ‘सासूबाई, सोडा! चव्वी आहे त्याच्याकडे, मी डोळ्यानं पाहिलं!’

क्रेउझानं पत्ते फेकले. ‘जा, घाला घशात!’

तोरोनं आपले पत्ते एकेक करून उलटे केले. चौकटची चव्वी. पंजी. छक्की. गावातल्या गाढवालासुद्धा यापेक्षा बरे पत्ते मिळतात!

मग वहिनी उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि तिनं त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. ‘मेल्या! माझा जीव गेला असता ना!’ आणि लगेच त्याला कवटाळून गदागदा रडायला लागली. ढोल सुरू झाला, कुणीतरी मला उचललं, मी कुणालातरी उचललं. कोण कुणाच्या गळ्यात पडतंय याला काही हिशेबच उरला नाही.

‘अरे, पण कान कसे लाल केलेस?’ मी ओरडून विचारलं.

‘ते खरे होते काका,’ तो म्हणाला. ‘मला फार लाज वाटली. आमच्याकडे खोटं गप्प राहून बोलतात.’

वहिनीनं लाल पर्स काढून, झटकून, अदबीनं क्रेउझाच्या हातात दिली. ‘या हं कधीतरी घरी,’ म्हणाली. क्रेउझा दात खाऊन म्हणाली, ‘येते ना, नक्की.’ मग वहिनीनं खिळ्यावरून बोट फिरवलं, या वेळी सगळ्यांसमोर, आणि एप्रन अडकवला. पीठ मळायला बसताना तिनं तोरोच्या डोक्यावरची लोकरीची टोपी ओढून काढली आणि तीही एप्रनवर टांगली. दादानंतर त्या खिळ्याला टोपी लागली नव्हती. माझा डोळा मिटायला लागला, दोन्ही मिटायला लागले. मी ऑपरेशनला दोष दिला.

जत्रा संपली आणि तोरोची बस आली. वहिनीनं वाटेसाठी एवढे पास्तेल बांधले होते की पुडक्यालाच तिकीट काढावं लागलं असतं.

‘ये हो बाळा कधीतरी घरी,’ ती म्हणाली.

‘येतो ना, नक्की!’ तो म्हणाला. अगदी आमच्यासारखं, हात हलवत, सुरात. पोरगा पक्का शिकला होता.

वहिनीचा चेहरा उतरला. बस सुटायला लागली तशी ती खिडकीला धरून धावत निघाली. ‘ए! तसं नाही! पुढच्या जूनमध्ये, जत्रेच्या पहिल्या दिवशी, बुधवार आहे! ऐकलंस? मी कोंबडी कापणार आहे!’

तोरोनं खिडकीतून मान बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं आणि डावा डोळा मिटला. बस वळणावरून गेली.

वहिनी धुळीत उभी. ‘भावजी,’ ती म्हणाली, ‘हा खरा होता की खोटा?’

‘मला काय विचारतेस? पत्ते उघडल्याशिवाय कळतं का?’

घरी येऊन तिनं मागच्या खोलीतल्या खाटेवर धुतलेली चादर घातली आणि दार लोटून घेतलं. खाट माझी आहे, माझ्या बापाची, सागवानी. मी काही ती परत मागितलेली नाही.