इस्माईलमामांसाठी काडतूस

शिरूरला माझं बंदुकांचं दुकान आहे. परवानेवाले तालुक्यात मोजके, आणि त्यातले निम्मे वर्षभर एकही काडतूस उडवत नाहीत. म्हणजे विक्री कमी, बसणारे जास्त, आणि चहा माझाच. अशा दुकानात किस्से साठत जातात. बरं, ते स्टॉक रजिस्टरमध्ये दाखवावे लागत नाहीत, एवढंच सुख.

*

इनामगावच्या आप्पांकडे रानडुकरांपासून पिकाच्या राखणीसाठी बाराबोर बंदूक आहे. एकदा तावातावाने आले. म्हणाले, काडतूस बंदुकीत शिरतच नाही, खराब माल दिलास. पाहिलं तर जुनी कागदी काडतुसं टम्म फुगलेली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दर दसऱ्याला आप्पा बंदुकीबरोबर काडतुसांचीही पूजा करतात, आणि त्याआधी त्यांना आंघोळ घालतात.

मी म्हटलं, "आप्पा, काडतुसाला पाणी?"

"मग काय पारोशीच पुजायची?"

मी नवीन डबा काढून दिला.

*

निवडणूक लागली की सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. आप्पांचा मका नेमका तेव्हाच कणसात आलेला. पावती घेताना त्यांनी हवालदाराला शांतपणे विचारलं, "आचारसंहिता डुकरांना बी लागू हाय ना?"

हवालदार मुरलेला होता. म्हणाला, लेखी तक्रार आली तर बघू.

*

आता इस्माईलमामा. दौंडचे, फौजेतून निवृत्त. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर स्वतःची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, घेऊन चौदा वर्षं गनमॅन आहेत. धाकटी मुलगी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. तिचं शिक्षण होईपर्यंत नोकरी टिकावी, एवढीच त्यांची इच्छा.

कंपनीत नवीन सिक्युरिटी ऑफिसर आला. त्याने मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी रायफलीचे व्हिडिओ पाहिलेले. वरचा भाग बदलला की तीच रायफल वेगळं काडतूस घेते, सेमी-ऑटोमॅटिक, वगैरे. त्याने मामांना सांगितलं, सोमवारपर्यंत या रायफलीची आणि तिला चालणाऱ्या काडतुसांची माहिती आणा, नाहीतर मी दुसरा गनमॅन बघतो. मला त्या माणसाचा रागच आला.

मी मामांना म्हटलं, असली रायफल आपल्या परवान्यावर बसतच नाही. परवान्यावर जो बोर, म्हणजे नळीचं माप, लिहिलाय, तीच आपली निवड.

"मला ठाव हाय रं," मामा म्हणाले. "पर त्याला कोन सांगनार?"

*

पण विषय दुकानात पडला तो पडलाच. त्या रायफलीला नेहमीचं पाच-छप्पनचं काडतूस घ्यावं, की जाड तीनशे ब्लॅकआऊट, की सरावाला स्वस्त पडणारं बावीस, यावर चार दिवस वाद. आप्पा जाडाच्या बाजूने, कारण डुक्कर जागेवर बसलं पाहिजे. समोरच्या बँकेचा गार्ड बारक्याच्या बाजूने, कारण त्याचा खांदा दुखतो. शेवटी दोघांनी बोलणंच टाकलं. ती रायफल आमच्यापैकी कुणी हातातही धरलेली नव्हती!

*

सोमवारी मामांबरोबर मीही कुरकुंभला गेलो. मी कायद्याचं सांगायला लागलो तर ऑफिसरसाहेबांनी हात हलवला. परवान्याचं नंतर बघू म्हणाले, आधी सांगा, सगळ्यात पॉवरफुल काडतूस कुठलं?

मामा उठले. "साहेब, जरा गेटवर चला."

गेटच्या आत, पन्नासेक पावलांवर ठिणगीने पेटणाऱ्या सॉल्व्हंटच्या टाक्यांची रांग आहे. शेजारी पाटी : काडीपेटी, लायटर, मोबाईल आत नेण्यास सक्त मनाई. मामा आपल्या रोजच्या जागेवर जाऊन उभे राहिले.

"मी हितं हुबा असतो. चोर भिंतीवरनं आला तर त्या टाक्यांच्या अंगानंच येनार. आता तुमीच सांगा, कंचं काडतूस भरू?"

साहेबांची नजर टाक्यांवर गेली. मग मामांच्या खांद्यावरच्या डबल बारकडे बघितलं आणि एक पाऊल मागे सरकले. आवाज एकदम खाली आला.

"मामा, आत्ता हिच्यात काडतूस आहे का?"

"न्हाई साहेब. चौदा वरसं झाली, काडतुसं तुमच्याच केबिनच्या कपाटात हायती."