तात्यांनी सांगलीत गिटार चावली

"आवं तात्या, गिटार बसलीया तुमची. जयंतीच्या आदी दुसरी बघा, न्हाईतर औंदा गिटारच नगं."

सुमनमावशी हे भर तालमीत, सगळ्या गायन पार्टीसमोर बोलली आणि पेटी बंद करून पाणी प्यायला उठून गेली. मी तिथंच बसले होते, हबकलेच. आमच्या साताऱ्याच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीच्या स्टेजवर गिटार म्हणजे माझे वडील, हे ठरलेलं. तात्या तोफखान्यातून रिटायर होऊन आले तेच शिलाँगच्या बाजारातली गिटार खांद्याला अडकवून. ढोलकी-पेटीत ही कशाला म्हणून लोक आधी हसले, आणि नंतर तिच्याशिवाय त्यांना गाणं अळणी लागायला लागलं. पण पार्टी सुमनमावशीची. गायची तीच, पेटी वाजवायची तीच, आणि कुणी बसायचं, कुणी उठायचं हेही तीच ठरवायची.

घरी आल्यावर उंबऱ्यात चपला काढताना तात्या म्हणाले, "खरं हाय तिचं. हिचा टोन गेलाय. नवी बघू. नंदे, तू चल संगं."

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे ही. घरबसल्या व्हिडिओ लावून गिटारी ऐकायची सोय तेव्हा कुठली? आवाज ऐकायचा तर जिथं गिटार असेल तिथं जायचं. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टायपिंग करायचे. रजा टाकली, पिशवी भरली आणि निघालो. तुमच्यापैकी कुणी असं गिटारी ऐकत हिंडायचं म्हणत असेल, तर आमची पद्धत सांगते, फुकट आहे. प्रत्येक गिटारीवर तेच आणि त्याच क्रमानं वाजवायचं. आधी सगळ्यात जाड तार एकटी, तिचा आवाज विरेपर्यंत हात लावायचा नाही. मग सगळ्यात बारीक तार. मग एक कॉर्ड, सगळ्या तारांवर, सावकाश. आणि पॉलिश बघायचं नाही, पॉलिश वाजत नाही. हे सगळं मला तात्यांनीच शिकवलेलं.

पहिली गिटार साताऱ्यातच, राजवाड्याजवळच्या एका दुकानात. टाळ, झांजा, लेझीम यांच्या गर्दीत प्लॅस्टिकच्या पिशवीत एकच लटकत होती, पिवळीधमक. मी जाड तार छेडली. आवाज निघाला म्हणायचा इतकंच. कॉर्ड वाजवली तर डालड्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं झालं. तात्यांनी ती घेतली, अंगाशी धरली, तिच्या कडेवर हनुवटी टेकवून वाजवली आणि म्हणाले, "वाईट न्हाई."

"वाईट न्हाई?" मी ओरडलेच. "तात्या, डबा आहे हा!"

दुकानदारानं माझ्याकडे असं बघितलं की आम्ही मुकाट बाहेर पडलो. तात्या म्हणाले, फुडं बघू.

पुढं म्हणजे माण तालुका. दहिवडीच्या पलीकडे तात्यांच्या तोफखान्यातले दोस्त राहायचे, बाळूकाका. त्यांनीही शिलाँगला, त्याच बाजारात गिटार घेतलेली. एसटी कोरेगाव, पुसेगाव करत जाते. दुपारची गाडी घेणार असाल तर उजव्या खिडकीला बसू नका, भाजून निघाल. पुसेगावच्या स्टँडवर कांदाभजी खा आणि पाण्याची बाटली भरून घ्या, कारण पुढं पाणी मागताना आपल्यालाच लाज वाटते. तिकिटाचे दर सांगत नाही, आता ऐकून तुम्हाला रडू येईल. पुसेगाव सुटलं की हिरवं संपतं. मार्चमध्येच शेतं उघडी पडलेली, आणि रस्त्याकडेनं मेंढरं एकमेकांच्या सावलीत डोकी घालून उभी.

बाळूकाकांकडे हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी जेवलो. मग त्यांनी खुंटीवरून पोतं काढलं आणि पोत्यातून गिटार. पाठीला ही लांब चीर, लाखेनं बुजवलेली. मी मनात म्हटलं, झालं कल्याण! आणि जाड तार छेडली.

अगं बाई! काय सांगू तुम्हाला? तो आवाज माझ्या मांडीतून जमिनीत गेला. फळीवरची पातेली किणकिणली. बारीक तार तर अशी स्वच्छ की अंगणातल्या शेळीनं मान वर केली. इतकी वर्षं गिटार वाजवून गिटार असा आवाज करते हे मला माहीतच नव्हतं. मी आ वासून बसले.

"हिकडची हवा कोरडी," बाळूकाका खूश होऊन म्हणाले. "लाकूड वाळून वाळून खणखणीत झालंय बग."

तात्यांनी गिटार घेतली. पुन्हा तसंच, कडेवर हनुवटी, डोळे मिटलेले. बराच वेळ वाजवली आणि मान हलवली. "मुकी हाय रं, बाळू."

"मुकी?" काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आरं गड्या, कान फुटलं का काय तुजं?" मग हसून म्हणाले, "बरं, नसूदे. तशीच घिऊन जा. मला कवा वाजवायचीया? शेरडं राखू का गिटार वाजवू?"

फुकट, असली गिटार! आणि तात्या नको म्हणाले. चक्क नको! जयंती तोंडावर आलीय, मावशीनं दम दिलाय, सोन्यासारखी गिटार समोरून चालत आलीय आणि आमचे वडील मान हलवतायत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत मी मायणीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनाही त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

मायणी, विटा, तासगाव आणि मग सांगली, असा हा रस्ता. विट्याच्या स्टँडवरचा वडा आदल्या दिवशीचा असतो, चहा मात्र ताजा. तासगावला खिडकीतूनच द्राक्षं विकत होते. ती घ्याच. माझा राग निम्मा त्या द्राक्षांनी घालवला. मुक्काम कुपवाडला, आत्याकडे. तिच्या घराला लागून पत्रे ठोकणाऱ्या प्रेसचं वर्कशॉप, दिवसभर धाडधाड. त्यामुळे तिच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे, "मीठ दे" हेसुद्धा. तिथं तात्या एकदम खुलले, हसले, जुन्या गोष्टी काढल्या. मला वाटलं, बहिणीची माया.

तिसऱ्या दिवशी सकाळी सांगली. गणपती पेठेच्या बाजूला वाद्यांचं मोठं दुकान होतं. आत भिंतीला तीन गिटारी, आणि दुकानदार हौशी माणूस. "वाजवा की ताई, बगायला पैसं न्हाईत," म्हणाला. मी एकेक उतरवली. पहिली थोराड, काळपट. जाड तारा पोटात घुमायच्या, पण बारीक तारांचा आवाज आतच राहायचा. दुसरी मधाच्या रंगाची, सगळ्या तारा सारख्या बोलणारी, कॉर्ड वाजवली की आवाज उमलत जायचा. बाळूकाकांच्या गिटारीची सर नव्हती, पण बहीण शोभली असती. तिसरी लाल, पातळ अंगाची. ती नाकात बोलायची. मधाची घ्यायची, माझं ठरलं.

"दे हिकडं," तात्या म्हणाले. काळपट गिटार घेऊन ते आमच्याकडे पाठ करून कोपऱ्यात गेले. तिची कड त्यांनी तोंडाजवळ नेली. मला वाटलं, वास घेतायत. आणि त्यांनी तिला दात लावले.

माझा विश्वास बसेना. पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीचे कपडे घातलेला माझा बाप भर दुकानात गिटार दातात धरून तारा छेडत होता.

"ओ काका!" दुकानदार ओरडला. "ओ! आवं गिटार हाय ती, मक्याचं कणीस न्हवं!"

तात्यांनी मागं बघितलं नाही. काळपट ठेवली, मधाची घेतली, तिलाही दात.

"काका! पॉलिश जाईल!"

"तात्या!" मीही ओरडले. मी त्यांच्या अगदी मागं, हात लावता येईल इतक्या जवळ होते. "तात्या, अहो तात्या!"

काही नाही. खांदासुद्धा हलला नाही. त्यांनी लाल गिटार उचलली, चावली आणि तार छेडली. दुकानदार आता तात्यांकडे नाही, माझ्याकडे बघत होता. त्याला माझ्याआधी कळलं होतं. मग मलाही कळलं.

तात्या वळले. चेहरा असा उजळलेला की मी तसा आजपर्यंत पाहिला नव्हता. "नंदे, ही बग! कसला टोन हाय! कसली बोलतीया!"

नाकात बोलणारी ती लाल गिटार आम्ही घेतली. दुकानदारानं दातांच्या खुणा पुसून दिल्या आणि वर तारांचा एक संच फुकट घातला.

बाहेर आल्यावर मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. रस्ता भरून वाहत होता. मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. इकडं तिकडं बघितलं. "डावा तोफंनं कवाच नेला," ते म्हणाले. "उजव्यात आता नुसती भुणभुण येती. तोंड दिसलं तर समजतंय."

"आईला माहीत आहे?"

"न्हाई."

"मग टोन कुठला बघत होता तुम्ही? दोन जिल्हे हिंडवलंत मला!"

"दातातनं येतोय की! सगळा येतोय. पर जाड अंगाची आसली की येत न्हाई. आपली गिटार पार गपगार झाली, बाळूचीबी तशीच. ही बोलती." मग त्यांनी माझा हात धरला. जीपवाल्यांच्या, हातगाड्यांच्या गर्दीत, माझ्या त्या कडक बापानं माझा हात धरला. "पार्टीत बोलू नगंस. सुमन बशीवती मला घरी. जयंतीला मी खाली खुर्चीत बसून काय करू गं? मला तर काय ऐकूबी यायचं न्हाई."

मी रडले. भर पेठेत रडले आणि मला लाज वाटली नाही. इस्लामपूर, कराड करत गाडी साताऱ्याला आली तोवर अंधार पडला होता. आत्यानं दिलेलं भडंग दोघांनीही खाल्लं नाही.

आणि मग तालीम. तात्यांनी लाल गिटार काढून कॉर्ड वाजवली. ढोलकीवाल्यानं तोंड वाकडं केलं. सुमनमावशी काही ठेवून बोलणारी नव्हेच. "आवं तात्या, हिच्यात टोनच न्हाई. नाकात बोलती."

नेमकी ती पेटीवर वाकून बोलली. तात्या हसले. "व्हय! लय भारी टोन हाय न्हवं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मावशीनं पदर उचलून तोंडावर धरला आणि पदराआडून खणखणीत आवाजात म्हणाली, "तात्या, उटा आनि घरी जावा."

तात्या अजून हसतच होते. आता संपलं, असं वाटलं.

मावशीनं पदर खाली सोडला. मग एकेक शब्द तोंड उघडून म्हणाली, "सूर लावा."

तात्यांना समजलं. ते उठले आणि सरळ तिच्या पेटीला दात लावले. त्या पेटीला बोट लावायची कुणाची टाप नव्हती! मावशीचे डोळे पांढरे झाले, पण तिनं सूर दाबून धरला. तात्यांनी तो दातात घेतला, मग गिटारीची कड दातात धरली आणि एकेक तार पिळत गेले. शेवटी कॉर्ड वाजली. मावशीनं कान देऊन ऐकली.

"टोन लय घाण हाय," ती म्हणाली. "पर सूर बराबर हाय."

त्या प्रवासातलं काय राहिलं म्हणाल, तर बाळूकाकांच्या गिटारीचा तो आवाज अजून कानात आहे. तसा मला परत कुठंही मिळाला नाही. लाल गिटार मला आजही आवडत नाही. ती घरी आहे आणि तिच्या कडेला पॉलिश उरलेलं नाही. पण गिटार कशी निवडावी असं कुणी विचारलं की मी पहिल्यांदा विचारते, वाजवणार कोण?

जयंतीला मैदान भरलं होतं. मावशी दर वर्षी स्टेजच्या मधोमध, लोकांकडे तोंड करून बसायची. त्या वर्षी तिनं पेटी उचलली आणि तात्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवली. बसली ती तात्यांकडे तोंड करून, लोकांकडे निम्मी पाठ. पहिलं कडवं झालं. तात्यांनी हनुवटी कडेवर टेकवली होती, नजर तिच्या ओठांवर, आणि एकही कॉर्ड चुकत नव्हती.

मागून पोरं ओरडायला लागली. "ओ मावशी! हिकडं तोंड करा की!"

मावशीनं माइक ओढला. "गानं ऐकाय आलाय का त्वांड बगाय? कानं हायती न्हवं? मग ऐका!"

आणि तात्यांकडे बघून तिनं दुसरं कडवं उचललं.