टांकसाळ चुकली की माणूस?

नाणी जमवणाऱ्यांकडे नाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात! अकोल्यात जठारपेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. डोळ्याला लावायचं भिंग माझ्याकडे, म्हणून आमचा नाणेवाल्यांचा ग्रुप दर रविवारी इथंच जमतो. नियम एकच: चूक टांकसाळीत झाली असेल तर नाणं जमवायचं, बाहेर झाली असेल तर आणणाऱ्यानं चहा पाजायचा.

*

अमरावतीचे देशमुख सर एक रुपया घेऊन आले. "सिंहच छापायचा राहिला! रेअर आयटम!"

मी भिंग लावलं. नाणं देवघरातलं, दर दिवाळीला चिंच लावून घासलेलं.

"सर, ही टांकसाळीची चूक नाही, वहिनींची मेहनत आहे."

सरांनी चहा पाजला. वर म्हणाले, "हिला सांगू नका, अजून जोरात घासेल!"

*

अकोटचा सुधाकर म्हणजे आमच्यातला सगळ्यात उतावीळ गडी. त्यानं दहाचं नाणं आणलं, मधली चकती गायब. "असंच निघालं गा टांकसाळीतून!"

कडेला हातोडीचे वळ ढळढळीत दिसत होते.

"सुधाकर, हे काहून ठोकलं बे?"

"मधलं निघते का म्हून पाहून राहिलो होतो!"

*

खरी चूक सापडली की वेगळाच ताप. ग्रुपमधल्या मनोहरला छाप सरकलेलं अस्सल नाणं मिळालं. महिनाभर मिरवलं आणि एका रविवारी चहाच्या पैशांत चुकून चहावाल्याला तेच देऊन टाकलं! आम्ही सगळे गल्ल्यावर तुटून पडलो. मिळालं बुवा एकदाचं! चहावाला शांतपणे म्हणाला, "मी तं बाजूलेच ठेवलं होतं. खोटं वाटलं मले!"

*

आणि भातकुलीच्या शेवंताकाकू. झेंडूची शेती, काका नुकतेच गेलेले. रुमालाची गाठ सोडून त्यांनी एक नाणं माझ्यापुढं ठेवलं.

"यायच्या खिशात सापडलं. पोरगा म्हणते नकली हाये. भाऊ, आमच्या मालकानं खोटं नाणं चालवलं नसंल ना?"

रुपया होता. एका बाजूला सिंह. दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण उलटा आणि आत दबलेला! दोन नाणी घासून चिकटवलीत का, म्हणून मी कड तपासली. जोड कुठंच नाही. आधीचं नाणं साच्यात अडकलं, की पुढच्यावर त्याचाच ठसा उमटतो.

"काकू, अस्सल आहे! टांकसाळ चुकली, काका नाही."

काकूंनी असा श्वास सोडला, की माझ्याही जिवात जीव आला. सुधाकर लगेच पुढं सरसावला, "काकू, विकता का?"

काकूंचं लक्षच नव्हतं. त्या नाणं उलटंपालटं करत होत्या.

"म्हंजे याले काटाच नाही?"

"नाही. दोन्हीकडून छापा."

"अगं माय!" काकू हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "फुलं घेऊन बाजारात कोणं जायचं, म्हून हे रोज पहाटे हेच नाणं उडवत. छापा आला तं हे, काटा आला तं मी. मले कधी हातात घेऊ देल्लं नाही. टोपली उचलत अन् म्हणत, 'आजबी तूच जिंकली. झोप आता!'"