टीव्हीअण्णाच्या बिननावाच्या अक्का

हळ्ळीखेडच्या सरूबाईवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते, कारण मोघम बोलायची मला सवय नाही. गेल्या दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बारा वाजता, बीदरच्या नौबाद भागात, टीव्हीअण्णाच्या स्टुडिओमागच्या अंगणात. सरूबाईला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. तिचं या जगात एकच चित्र उरलं होतं, अण्णाच्या कार्यक्रमाच्या कुठल्यातरी कॅसेटवर, आणि ती कॅसेट बाकीच्या कॅसेटींबरोबर पोत्यात भरून भंगारवाल्याच्या गाडीवर चढत होती. पोत्याचं दुसरं टोक धरून उभा होता खुद्द टीव्हीअण्णा. माझा लाडका माणूस. म्हणून तर लिहायला बसले.

अण्णा माहीत नाही असं घर आपल्या भागात सापडायचं नाही. लग्नाची शूटिंग करता करता त्याने केबल टाकली, केबलवर स्वतःचं चॅनेल काढलं आणि चॅनेलवर स्वतःलाच बसवलं. पुढे डान्सच्या स्पर्धा, साडीच्या दुकानांची उद्घाटनं, गाणगापूरच्या यात्रेकरूंसाठी भक्तिगीतांचा ऑर्केस्ट्रा. जिथे माईक तिथे अण्णा. पण नाव झालं ते ‘अण्णा दारात’मुळे. रोज एक गाव, रोज एका घरचा ओटा, समोर त्या घरची बाई. बसल्याबरोबर पहिला हुकूम, “फॅन बंद!” पंख्याची घरघर माईकमध्ये येते म्हणून. त्यामुळे त्या कार्यक्रमातली प्रत्येक बाई घामाने निथळताना दिसते. बघणाऱ्यांना वाटायचं, अण्णा फार अवघड प्रश्न विचारतो.

प्रश्न अवघड नसायचे. पहिला तर कायमचा ठरलेला, “अक्का, लेकराला रागं भरताव ते कोणत्या भाषेत?” ती जी सांगेल त्या भाषेत पुढची मुलाखत. औरादकडच्या एकीने उत्तर दिलं होतं, “लेकराला मराठीत, शेळ्यायला कन्नडात, आन् मालकाला मनातल्या मनात.” अण्णा हसून हसून ओट्यावरून खाली आला. मोठमोठी चॅनेलं एका भाषेत बोलून थकतात. हा माणूस तीन भाषांत बोलायचा आणि तिन्हींत सारखाच अशुद्ध.

त्याचं दुसरं ब्रीद, “आपल्या कार्यक्रमात कुणी हरत न्हाई.” उत्तर बरोबर आलं तर प्लास्टिकचा जग. चुकलं तर प्लास्टिकचा जग. उत्तरच दिलं नाही, नुसता पदर तोंडात धरून बसली, तरी जग. आमच्या गल्लीत पाणी प्यायला सगळीकडे एकाच रंगाचे जग होते.

आता त्याचा गुन्हा. अण्णा बाईचं नाव विचारायचा नाही. पहिल्याच भागात एकीला त्याने पूर्ण नाव विचारलं. पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येतं, आणि ते तोंडाने घ्यायचं तर बाई लाजून आत पळाली. सासूने त्याच संध्याकाळी केबलची वायर उपटली. तेव्हापासून अण्णाने धसका घेतला. प्रत्येक बाई ‘ह्या आपल्या अक्का’. कॅसेटींवरही तेच: ‘हळ्ळीखेड, अक्का’, ‘हळ्ळीखेड, अक्का, दुसऱ्या’. उद्घाटनांच्या कॅसेटींवर बाप्यांची नावं मात्र आडनावासकट, हुद्द्यासकट.

मी त्याच्याशी यावरून किती भांडले! बायकांची स्वतःची नावं मजुरीच्या हजेरीपटावर लागावीत म्हणून आम्ही संघटनेच्या बायका पत्रकं वाटतो, सभा घेतो. माझ्या हातात पहिल्यांदा माईक दिला तो अण्णानेच, आणि शिकवलंही त्यानेच: “तोंडाला लावू नगंस, कणीस हाय का त्ये?” अशा माणसाला मी विचारायची, “अण्णा, बायकांची नावं कामून न्हाईत?”

“आगं, अक्का म्हनलं की मान असतो.”

“मान हाय, मग मानूस कुठाय?”

“तू लई पत्रकं लिव्हायलीस,” म्हणून तो चहा मागवायचा.

त्या दुपारी मी सभेसाठी त्याचा स्पीकर मागायला गेले होते. स्टुडिओ विकला होता, तिथे आता लग्नाचा हॉल होणार होता. मी भंगारवाल्याची गाडी अडवली. चार पोती उतरवून घेतली. अण्णा म्हणाला, “कोन बगनार गं? मशीनसुदिक न्हाई कुनाकडं.” कॅसेट लावायचं मशीन मी हुमनाबादच्या एका जुन्या फोटोवाल्याकडून आणलं. चिठ्ठ्या बहुतेक गळून पडलेल्या, म्हणून हळ्ळीखेडला आमच्या घरी एकेक कॅसेट लावायला सुरुवात केली.

बातमी ऐकून महादेवी आली, सरूबाईची मुलगी. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. बाप मेंढ्यांमागे गेला तो तिकडेच दुसरा संसार मांडून राहिला. मामाने त्याच्या गावी नेऊन वाढवलं. मामाही आता नाही, पण त्याने एक गोष्ट सांगून ठेवली होती: “तुज्या आईच्या दारात टीव्हीअण्णा आलता.” घरात फोटो नाही. आईचा चेहरा महादेवीने कधी पाहिलेलाच नाही. प्रत्येक अक्का पडद्यावर आली की ती विचारायची, “ही का वो?”

अण्णा दर रविवारी यायचा. कुणाच्या घरी धपाटे खाल्ले, कुणाचं कुत्रं मागं लागलं, सगळं आठवायचं. नाव एकही नाही. तिसऱ्या रविवारी एका हसऱ्या, सावळ्या बाईवर त्याने बोट ठेवलं. “हीच गं तुजी माय.” महादेवी टीव्हीजवळ सरकली. काचेवर हात ठेवून रडली. मोबाईलमध्ये उतरवून घेतलं आणि मामाच्या गावभर दाखवत फिरली.

महिन्याभराने हळ्ळीखेडच्या बाजारात एका भाजीवालीने तो मोबाईल हातात घेतला. “आगं बया, ही तर मीच की! कोन मेलं म्हनायलंय?”

मी अण्णाच्या घरी जाऊन ओरडले. “खोटं कामून सांगितलंव?”

या वेळी त्याने चहा मागवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. मग म्हणाला, “पोरगी रिकाम्या हातानं जायली व्हती गं.”

मला राग आवरला नाही. मी दार आपटून निघाले. त्याला शेवटचं पाहिलं ते असं. होळीच्या आधी तो गेला. चौकाचौकात बॅनर लागले, तीन भाषांत, अण्णाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी बॅनरखाली उभी राहून रडले, आणि रडता रडता चिडले. ज्या शेकडो बायकांनी याला टीव्हीअण्णा केलं, त्यातल्या एकीचंही नाव कुठे नाही.

अजून दीड पोतं बघायचं राहिलंय. चेहरे आठवणारा माणूस गेला, म्हणून आता तुम्हाला सांगते, विनंती करत नाही. कॅसेटी हळ्ळीखेडला माझ्या घरी आहेत. रविवारी सकाळी दहाला टीव्ही लागतो. तुमच्या घरची आई, मावशी, चुलती घेऊन या. पडद्यावरची बाई ओळखा आणि तिचं नाव सांगा. नवऱ्याचं नको, गावाचं नको, तिचं. सरूबाईबरोबर कुणी खुरपलं असेल, पाणी भरलं असेल, भांडण केलं असेल, तर तुम्ही सगळ्यात आधी या. महादेवी अजून टीव्हीसमोर येऊन बसते, पण आता ती कुणाला काही विचारत नाही. खात्री असेल तरच बोट दाखवा. नसेल तर गप्प बसा, पण या.